पोर्तुगालमध्ये अमली पदार्थांना मोकळीक आहे का?

प्रश्न : पोर्तुगालमध्ये हेरॉइन, कोकेनसुद्धा कायदेशीर आहे असं ऐकलं. मग तो देश व्यसनात बुडाला कसा नाही?

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. अमली पदार्थ तिथे आजही बेकायदाच आहेत. विकणाऱ्याला आणि तस्कराला तुरुंगात जावं लागतं. १ जुलै २००१पासून बदल झाला तो एवढाच, की स्वतःपुरता साठा जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही.

‘स्वतःपुरता’ म्हणजे साधारण दहा दिवसांच्या वापराइतका. हेरॉइनसाठी ही मर्यादा एक ग्रॅम. तेवढा माल सापडला तर पोलीस तो जप्त करतात आणि त्या माणसाला तीन सदस्यांच्या आयोगापुढे पाठवतात. आयोगात कायदा, आरोग्य, समाजकार्य अशा क्षेत्रांतले जाणकार असतात. व्यसन जडलंय का, याची ते चौकशी करतात. जडलं असेल तर उपचारांकडे वळवतात. प्रसंगी दंडही करतात.

ही वाट धरावी लागली, कारण १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथे साधारण शंभरात एक जण हेरॉइनच्या विळख्यात होता. सुया एकमेकांच्या वापरल्यानं एचआयव्ही पसरत होता. अटकेच्या भीतीनं माणसं लपत, आणि लपलेल्या माणसापर्यंत डॉक्टर पोहोचत नाही.

दुसरा गैरसमज असा, की शिक्षा काढली आणि सगळं सुधारलं. शिक्षा काढल्यानं फक्त दार उघडलं. आत मेथाडोनचे (हेरॉइनऐवजी देण्याच्या औषधाचे) उपचार होते, समुपदेशक होते, आणि औषधांच्या दुकानांतून वापरलेल्या सुयांच्या बदल्यात नव्या सुया देण्याची १९९३पासूनची योजना होती. २००१च्या सुमारास सुईनं नशा करणाऱ्यांत वर्षाला हजाराहून अधिक नवे एचआयव्हीबाधित आढळत. पुढे हा आकडा काही डझनांवर आला.

उलट उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचं. तिथे २०२१मध्ये शिक्षा काढून शंभर डॉलरचा दंड ठेवला. मदतीच्या क्रमांकावर फोन केला की तोही माफ. फोन करणारे फारच थोडे निघाले आणि उपचारांची सोय उभी राहायला उशीर झाला. रस्त्यावरच्या नशेनं लोक वैतागले आणि २०२४मध्ये तिथे पुन्हा गुन्हा नोंदवणं सुरू झालं. शिक्षा हटवली तर तिच्या जागी उपचार तयारच हवेत, हा त्यातला धडा.

आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानं सेवन हाही गुन्हाच आहे. मात्र त्याच कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. घरातल्या कुणावर अशी वेळ आली, तर वकिलाला या कलमाबद्दल जरूर विचारा.