आजी घराबाहेर जात नाही

आंदर मावळात पाऊस लागला की म्हातारी माणसे घरातच बसतात. आजी घोंगडी पांघरून चुलीजवळ बसते. ती म्हणते, "मी कुठं जात न्हाई. मला लस कशाला?"

आजीचे म्हणणे पटते. पण जरा पाहा. नातू शाळेत जातो. मुलगा कामशेतच्या बाजाराला जातो. सून भातलावणीला जाते. ताप-खोकला त्यांच्याबरोबर घरात येतो. तरणा माणूस चार दिवसांत उठतो. आजीचा खोकला मात्र छातीत उतरतो, धाप लागते. वृद्धाश्रमात तर अशी पुष्कळ माणसे एका छपराखाली. तिथे एका सेवकाचा खोकला सगळ्यांना पुरतो!

करोनाच्या साथीत १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्या सर्वांना लस मिळू लागली. कोविशिल्ड लस तर आपल्या पुण्यातच बनली. पण अंथरुणाला खिळलेला माणूस केंद्रावर जाणार कसा? सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशांना घरी जाऊन लस देण्यास सांगितले. हे आधीच व्हायला हवे होते.

फ्लूची लस वेगळी. फ्लूचा विषाणू रूप पालटतो, म्हणून ही लस दर वर्षी घ्यावी लागते. तिचा गुण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू पावसात वाढतो. तेव्हा पावसाआधीच डॉक्टरांना विचारावे. लस घेतल्यावर दंड दुखतो, कधी कणकण येते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो.

हे ऐकून आजी मुलाला म्हणाली, "मग आधी तू घे. खोकला घरात तूच आणतोस."