कारखाना बंद केला की प्रश्न सुटतो का?

सांडपाण्याचा पाठ घेताना ‘कारखाना बंद करा’ हे उत्तर मुलं पटकन देतात. मग मी तिरुपूरची गोष्ट सांगते. तिथल्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं खारट पाणी नोय्यल नदीत जायचं. खाली धरणातलं पाणी शेतीलाही चालेना. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, थेंबभरही सांडपाणी बाहेर सोडणार नाही अशी सोय होईपर्यंत, कारखाने बंद करायला लावले. कामगारांची मजुरी बुडाली. शुद्धीकरणाला वीज भरपूर लागते. पण पाणी, मीठ परत वापरता येतं. फळ्यावर दोन रकाने करून बघा: खर्च कोणाचा, नुकसान कोणाचं? मालक, कामगार लगेच येतात. शेतकरी मात्र माझ्या वर्गात मलाच सुचवावा लागला!