पत्ता जिवंत ठेव

बेटा, संशोधन केंद्रातलं नोंदणीचं काम तुझ्याकडे आलं, ऐकून फार बरं वाटलं. मी वैद्यकीय ग्रंथालयात जन्म काढला. तिथे जे हाती लागलं ते तुझ्या कानावर घालते.

आधी नावाचं बघ. नागपुरात आपण 'मेडिकल' म्हटलं, 'मेयो' म्हटलं, की ऑटोवाला बरोबर नेऊन सोडतो. इंटरनेटवर मेयो टाक, अमेरिकेतलं मेयो क्लिनिक पुढ्यात येतं. आपल्या मेयोच्या पाटीवर नाव आहे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. इथलीच पर्यावरण संशोधन संस्था नीरी १९५८ साली निघाली तेव्हा नाव वेगळं होतं, आजचं १९७४ मध्ये मिळालं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्याला तुकडोजी महाराजांचं नाव लागलं २००५ मध्ये. संस्था तीच, पण तिचे निबंध दोन-दोन नावांखाली विखुरलेले. म्हणून केंद्राचं एक इंग्रजी आणि एक मराठी नाव, स्पेलिंगसकट, संचालकांच्या सहीनं लिहून घे आणि टेबलाच्या काचेखाली ठेव. निबंध पाठवताना प्रत्येक डॉक्टरनं तेच उतरवायचं. कितीही मोठे असोत, आग्रह धर.

मग 'रोर' ही संशोधन संस्थांची जागतिक नोंदवही उघड. २०१९ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत. शून्यानं सुरू होणारा नऊ अक्षरांचा क्रमांक मिळतो, आणि जुनं नाव, संक्षिप्त नाव, मराठी नाव सगळं एकाच नोंदीत बसतं. आधी शोधून पाहा. नोंद असली तर दुरुस्ती माग, दुसरी करायला जाऊ नको. डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता असेल तर तिची मुदत आणि त्यांच्याकडचा पत्ताही तपासून घे.

खरा जीव मात्र सीटीआरआयमध्ये ओत. रुग्णांवरच्या चाचण्यांची आयसीएमआरची ही नोंदवही २००७ पासून आहे. औषधांच्या चाचण्यांना तिथली नोंद २००९ पासून सक्तीची झाली, आणि २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. कोणीही घरबसल्या ती वाचू शकतो. त्या फॉर्ममध्ये सामान्य लोकांनी चौकशी कोणाकडे करायची, त्याचं नाव आणि फोन भरायची जागा असते. तिथे घाईत एखाद्या निवासी डॉक्टरचा मोबाईल टाकतात. त्याचं शिक्षण संपतं, तो गाव सोडतो, नंबर मात्र तिथेच राहतो. तू केंद्राचा कायमचा नंबर टाक. रुग्ण घेणं थांबलं की त्याच आठवड्यात तसं नोंदव.

हे इतकं का सांगते? एका केंद्रानं इमारत बदलली होती, नोंदीत जुनाच पत्ता. सिरोंच्याकडचे एक बाप-लेक रात्रभर एसटीत बसून सकाळी नागपुरात गणेशपेठच्या स्टँडवर उतरले, तिथून जुन्या पत्त्यावर गेले. दाराला कुलूप. विचारत विचारत दुपारी ते आमच्या ग्रंथालयाच्या पायरीवर आले. पोराचे सांधे सुजलेले, सिकलसेल. बापाच्या हातात छापून आणलेला कागद, घामानं ओला झालेला. मी त्यांना नव्या इमारतीत पोचवलं, तोवर ओपीडी उठली होती. तो कागद मी अजून विसरले नाही.

पत्त्यासारखंच आजाराचं नावही लोक घेतात तसं लिही. आपल्या विदर्भात माणूस 'सिकलसेल' शोधतो, 'हिमोग्लोबिनोपॅथी' त्याला ठाऊक नसतं. निबंधात शास्त्रीय नाव राहू दे, केंद्राच्या माहितीत दोन्ही दे. गुगल नकाशावर खूण मुख्य इमारतीवर नको, ज्या दारातून रुग्ण आत येतो त्या दारावर ठेव. ओपीडीचे वार टाक, सुट्ट्या टाक. 'सर्वोत्तम', 'अग्रगण्य' असले शब्द मात्र टाकू नको. आजारी माणसाला दार कुठे आणि किती वाजता उघडतं, एवढंच हवं असतं. पैसे भरा, पहिल्या दहांत नाव घेतो, अशा ईमेल येतील. त्या पुसून टाक. त्या पैशात फोनवर एक बोलकं माणूस बसव.

दर तीन महिन्यांनी, सोमवारी सकाळी, स्वतःच्या मोबाईलवरून प्रत्येक यादीतला नंबर लावून बघ. मराठीत विचार, "सिकलसेलच्या पोराला घेऊन कुठं यायचं?" पलीकडून नीट उत्तर येईस्तोवर फोन ठेवू नको.