दिवा लागत नाही, मग काय करायचं? आर्डुइनोची पूर्वतयारी आणि दोष शोधणे



अटल टिंकरिंग लॅबमुळे आर्डुइनोचा बोर्ड अनेक शाळांत पोहोचला आहे. काही पालक घरीही किट आणून देतात. पण पहिल्याच दिवशी ‘सर, अपलोड होत नाही’ हे वाक्य ऐकू येतं. असं दोन-तीनदा झालं की मूल ठरवून टाकतं, ‘हे मला जमणार नाही.’ खरं तर अशा वेळी दोष बहुधा केबलमध्ये नाहीतर सेटिंगमध्ये असतो. तो शोधायला शिकवणं हाच आजच्या पाठाचा उद्देश.

थोडी ओळख

आर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतील इव्रेया इथे, डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी झाली. नेहमीच्या ‘उनो’ बोर्डवरच्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी फक्त ३२ केबी जागा असते. तिला पडदा नाही, कीबोर्ड नाही. म्हणून प्रोग्राम संगणकावर लिहायचा, तिथेच तो चिपच्या भाषेत बदलायचा (कंपाइल) आणि यूएसबी केबलने चिपमध्ये पाठवायचा (अपलोड).

पूर्वतयारी

१. आर्डुइनोच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘आर्डुइनो आयडीई’ घ्या. ते मोफत आहे.

२. केबल तपासा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डवरचा दिवा लागतो, त्यामुळे केबल चांगली वाटते. पण तिच्यातून वीज जाते, माहिती जात नाही.

३. ‘टूल्स’मध्ये बोर्ड आणि पोर्ट निवडा. पोर्ट ओळखायची सोपी युक्ती: केबल काढा, यादीतून जे नाव गायब होईल तेच आपलं.

४. पोर्ट दिसतच नसेल तर ड्रायव्हर बघा. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागू शकतो.

५. ‘एक्झाम्पल्स’मधला ‘ब्लिंक’ अपलोड करा. नव्या बोर्डात तो बऱ्याचदा आधीच भरलेला असतो. म्हणून त्यातले १००० चे २०० करा. दिवा भरभर लुकलुकला, तरच आपला प्रोग्राम पोहोचला.

दोष शोधताना

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळ्या वायरी उपसल्या तर दोष जाईलही, पण तो कुठे होता ते कळणार नाही.

• ‘व्हेरिफाय’ला एरर आली? मग वायरींना हात लावू नका. यासाठी बोर्ड जोडलेलाही लागत नाही. अर्धविराम किंवा कंस राहिला असेल.

• अपलोड अडलं? बोर्ड आणि पोर्टची निवड पुन्हा बघा. पिन ० आणि १ वर काही जोडलं असेल तर काढा. उनोमध्ये अपलोडही त्याच वाटेने होतं.

• अपलोड झालं, पण बाहेर जोडलेला एलईडी लागत नाही? बोर्डवरचा पिन १३ चा बारका दिवा लुकलुकत असेल तर प्रोग्राम ठीक आहे, दोष जोडणीत आहे. एलईडीचा लांब पाय प्लसच्या बाजूला आहे ना? २२० ओहमचा रेझिस्टर लावला ना? ग्राउंड जोडलं ना?

• दिवा लागतो, पण सेन्सर विचित्र वागतो? आकडे ‘सिरियल मॉनिटर’वर छापा. चित्रविचित्र अक्षरं आली तर प्रोग्राममधला आणि मॉनिटरचा वेग (उदा. ९६००) सारखा करा.

सुरक्षितता: वायर बदलताना यूएसबी काढलेली हवी. ५ व्होल्ट आणि ग्राउंड थेट जोडू नका. मोटर थेट पिनवर लावू नका. एका पिनमधून २० मिलीअँपिअरपर्यंतच प्रवाह घेणं चांगलं.

आपली भूमिका

मूल अडकलं की बोर्ड आपल्या हातात घ्यायचा मोह होतो. तो टाळा. तीन प्रश्न विचारा: काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? शेवटचं काय बदललंस? उत्तरं वहीत लिहू द्या. चालू प्रकल्पाइतकेच गुण या नोंदीलाही द्या. ज्याचा दिवा लागला नाही, पण दोष कुठे आहे हे ज्याने शोधलं, त्यालाही मग काहीतरी जमलेलं असतं.

पुढच्या तासासाठी उपक्रम: प्रत्येक गटाच्या जोडणीत मुद्दाम एकेक दोष ठेवा. एलईडी उलटा, चुकीचा पोर्ट, सुटलेलं ग्राउंड असे. गटांनी दोष शोधायचा आणि कसा शोधला ते वर्गाला सांगायचं.