टीव्ही बंद, मीटर चालूच



या अंकाच्या अभ्यासाला एक साधा प्रश्न घेतला आहे: आपल्या पाड्यांवरच्या घरातला टीव्ही वर्षाला किती वीज खातो? त्यावर त्या घराचा वीजदर ठरू शकतो. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला महावितरणचा सर्वांत कमी दर मिळतो, पण वर्षाचा वापर ३६० युनिटच्या आत असेल तरच. मर्यादा ओलांडली की ते घर सर्वसाधारण घरगुती दरात जाते आणि पुन्हा सवलतीत येत नाही.

आता हिशेब. १,००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट पडते. जुना २१ इंची डबा टीव्ही सुमारे ८० वॅट घेतो. रोज पाच तास लावला तर वर्षाला १४६ युनिट. नऊ वॅटचे तीन दिवे, तेही पाच तास: ४९. पंचाहत्तर वॅटचा पंखा उकाड्याचे १५० दिवस रोज आठ तास: ९०. बेरीज २८५. घर सुखरूप आहे असे वाटते.

राहिली टीव्हीखालची छोटी पेटी, सेट टॉप बॉक्स. मी काही घरांत मोजून पाहिले, दहा वॅटच्या आसपास. रिमोटने बंद केले की नुसता लाल दिवा दिसतो, पण आतले काम चालूच राहते आणि वापर फारसा उतरत नाही. चोवीस तास, वर्षभर: ८८ युनिट. एकूण झाले ३७३! जिच्याकडे कुणी बघतही नाही त्या पेटीने घर सवलतीबाहेर काढले. टीव्ही पाहून झाल्यावर बोर्डावरचे बटणच बंद केले, तर पेटीला १८ युनिट पुरतात आणि बेरीज ३०३ वर येते.

गृहभेटीत बायका विचारतात, "बटण बंद केलं तर चॅनल उडतील ना?" उडत नाहीत. पेटी पुन्हा सुरू व्हायला जरा वेळ घेते, तेवढ्यात मुले कुरकुर करतात, इतकेच.

३२ इंची एलईडी टीव्ही साधारण ४० वॅटवर, म्हणजे डब्याच्या निम्म्यावर चालतो. म्हणून शहरातल्या मंडळींना विनंती: घर आवरताना निघालेला डबा टीव्ही पाड्यावर पाठवू नका. भावना चांगली असते, पण बिल त्या घराला येते. द्यायचाच तर एलईडी द्या, आणि सोबत बटण असलेला एक्स्टेंशन बोर्ड. कित्येक घरांत बंद करायला बटणच नसते. वायरी थेट खोचलेल्या असतात.