पत्रा वाकतो तेव्हा...

कॅड लॅबमध्ये शीट मेटलचा जॉब आला की आपण काय करतो? बेस फ्लँज काढायची, कडेला एज फ्लँज द्यायची, 'फ्लॅट पॅटर्न'वर क्लिक केलं की पत्रा सपाट होऊन समोर हजर! डीएक्सएफ फाईल काढली, सबमिशन झालं, पळालो मेसला. मीही असाच पास झालो होतो. खरा पेपर मात्र सातपूरला झाला.

सातपूर एमआयडीसी म्हटलं की आपल्याला महिंद्रा आणि मायको (२००८ पासून बॉश) आठवतात. पण आतल्या गल्ल्यांमध्ये पत्रा कापणारी, वाकवणारी छोटी वर्कशॉप्सही आहेत. इलेक्ट्रिकल पॅनेलचे बॉक्स, ट्रे, ब्रॅकेट हे त्यांचं रोजचं काम. अशाच एका ठिकाणी थर्ड इयरच्या सुट्टीत मी ट्रेनिंगला होतो.

जॉब साधा होता. पॅनेलमध्ये सरकवायचा ट्रे, २ मिमी सीआर पत्रा. दोन्ही बाजूंना ४० मिमीची फ्लँज आणि तिला आत वळवलेली १५ मिमीची कड. एकूण चार बेंड. मॉडेल मी केलं, साहेबांनी विश्वासाने फाईल लेसर कटिंगला पाठवली, ४० ब्लँक कापून आले. बेंडिंग मशीनवरच्या मामांनी पहिले दोन ट्रे वाकवले आणि ते रेलमध्ये जाईनात. रुंदी १ मिमी जास्त! दोन्ही बाजूंची मिळून फट होती फक्त अर्धा मिमी.

"मामा, तुमचं सेटिंग चुकलं असेल," मी बोलून गेलो. हे वाक्य आठवलं की अजून लाज वाटते. मामा काही बोलले नाहीत, व्हर्निअर माझ्या हातात दिला. फ्लँज ४०, कड १५, कोन ९० अंश. सगळं बरोबर. म्हणजे ब्लँकच मोठा होता. म्हणजे चूक माझ्या फाईलमध्ये होती.

आता ती चूक समजून घेऊ. हॉस्टेलची गादी दुमडून बघा. बाहेरचं कापड ताणतं, आतलं चुरगळतं. पत्र्याचंही तसंच. मध्ये कुठेतरी एक थर असा असतो, जो ताणतही नाही आणि आखडतही नाही. हा न्यूट्रल थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती पटीवर आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे के-फॅक्टर. ९० अंशांच्या बेंडमध्ये जाणारी लांबी, म्हणजे बेंड अलाउन्स, अशी निघते:

बेंड अलाउन्स = १.५७ × (आतली त्रिज्या + के × जाडी)

मी खिडकीत आधीपासून असलेला ०.५ हा के-फॅक्टर तसाच ठेवला होता. आतली त्रिज्या २ मिमी धरली तर अलाउन्स येतो ४.७१ मिमी. मग मामांनी त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी कापली, मधोमध वाकवली आणि म्हणाले, "मोज." बाहेरून दोन्ही बाजू भरल्या ५१.८० आणि ५१.७४, बेरीज १०३.५४. वरचे ३.५४ मिमी म्हणजे बेंड डिडक्शन. दोन्ही बाजू कोपऱ्यापर्यंत मोजल्या की त्रिज्या अधिक जाडी (४ मिमी) दोनदा धरली जाते, म्हणून ८ मधून ३.५४ वजा केले. खरा अलाउन्स ४.४६, के-फॅक्टर ०.४२. फरक एका बेंडला पाव मिमी, चार बेंडला १ मिमी!

उरलेले ३८ ब्लँक मी मनातल्या मनात स्क्रॅपमध्ये टाकले होते. मामांनी मात्र बॅक गेज अर्धा मिमी सरकवला आणि कड १५ ऐवजी १५.५ ची केली. कडेच्या मापाला तिथे कुणी विचारणार नव्हतं. दोन्ही बाजूंचा जादा पत्रा कडेत गेला आणि ट्रे रेलमध्ये सरळ सरकला. संध्याकाळी साहेबांना मीच जाऊन चूक सांगितली. ते एवढंच म्हणाले, "फाईल दुरुस्त कर आणि तो आकडा लिहून ठेव."

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. एक, मॉडेल सुरू करण्याआधी त्याच पत्र्याची, त्याच डायवर वाकवलेली पट्टी मोजायची. डाय बदलली की त्रिज्या बदलते आणि आकडाही. दोन, बेंड कडेच्या मध्येच संपत असेल तर रिलीफ द्यायचा, नाहीतर पत्रा तिथे फाटतो. तीन, फ्लँज फार छोटी ठेवायची नाही. २ मिमी पत्र्याला साधारण १६ मिमीची व्ही-डाय लागते. फ्लँज ११-१२ मिमीपेक्षा लहान असेल तर ती डायच्या खांद्यावर टेकतच नाही, आत घसरते.

स्क्रीनवर पत्रा माऊसने वाकतो, त्याला ना ताण ना त्रास. खरा पत्रा वाकतो तेव्हा आपला हिशोब तपासतो. आणि हो, मशीनवरच्या माणसाची चूक काढण्याआधी व्हर्निअर हातात घ्या!