३१ डिसेंबरची विक्री गेली कुठे? आठवड्याच्या नंबरची भानगड



आपल्या बॅचमधल्या एक ताई घरून केक बनवून विकतात. २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला. "सर, ३१ तारखेसाठी क्रीम आणि मैदा किती भरू? तुमच्या रिपोर्टमध्ये तर मागच्या वर्षीची ती विक्री दिसतच नाही. आणि मला पक्कं आठवतंय, रात्री अकरापर्यंत मी डबे पॅक करत होते!"

रिपोर्ट मीच लिहून दिला होता. पायथनमधला छोटासा प्रोग्रॅम, रोजच्या विक्रीची आठवड्यानुसार बेरीज करणारा. शोधल्यावर विक्री सापडली, पण कुठे? जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात! म्हणजे जवळजवळ एक वर्ष मागे. रिपोर्टवर विसंबून माल कमी भरला असता, तर सगळ्यात मोठ्या दिवशी ऑर्डरी परत पाठवायची वेळ आली असती.

झालं काय, ते नीट बघा. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो, तो आठवडा नंबर १. सोपं करून सांगायचं तर आठवड्यातले निदान चार दिवस ज्या वर्षात पडतात, तो आठवडा त्या वर्षाचा. ३० डिसेंबर २०२४ ला सोमवार होता आणि १ जानेवारी २०२५ ला बुधवार. त्यामुळे ३० आणि ३१ डिसेंबर हे दोन दिवस २०२५ च्या पहिल्या आठवड्यात गेले.

माझी चूक अशी, की आठवडा मी 'आयएसओ कॅलेंडर' या फंक्शनमधून घेतला, पण वर्ष मात्र सरळ तारखेतून उचललं. आठवडा १, वर्ष २०२४. जोडी जमली आणि दोन दिवसांची विक्री १ ते ७ जानेवारी २०२४ च्या विक्रीत जाऊन बसली. प्रोग्रॅमने एरर दिला नाही, एकूण बेरीजही बरोबर. मग कळणार कसं?

खरं तर ते फंक्शन तीन गोष्टी देतं: वर्ष, आठवडा आणि वार. त्यातलं पहिलं वर्षच घ्यायचं. ते आठवड्याचं वर्ष असतं, तारखेचं नव्हे. मी ते फुकट मिळत असताना टाकून दिलं होतं!

तुम्ही प्रोग्रॅम लिहीत नसाल, गूगल शीटवर काम करत असाल, तरी सुटका नाही. तिथलं 'वीकनम' काही सांगितलं नाही तर रविवारपासून मोजतं आणि १ जानेवारीला थेट नंबर १ देतं. मग ३१ डिसेंबर २०२४ चा नंबर येतो ५३ आणि दुसऱ्याच दिवशी १. एकाच आठवड्याचे दोन तुकडे! रिपोर्टमध्ये तीन दिवसांचा एक आठवडा, चार दिवसांचा दुसरा, आणि आपण म्हणतो धंदा बसला. त्याऐवजी 'आयएसओवीकनम' वापरा, एक्सेलमध्येही ते आहे. पण ते फक्त नंबर देतं, वर्ष देत नाही.

म्हणून मी आता आठवड्याचा नंबर लिहायचाच सोडून दिलाय. त्याऐवजी त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख लिहितो. तारीख ए२ मध्ये असेल तर शेजारच्या सेलमध्ये: ए२ वजा वीकडे(ए२, २) अधिक १. (शीटमध्ये टाईप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, सुरुवातीला बरोबरचं चिन्ह.) सोमवारच्या तारखेत वर्ष आपोआप येतं, गोंधळाला जागाच उरत नाही. वर्ष-आठवडा अशी जोडी हवीच असेल, तर शेवटी १ ऐवजी ४ घाला. त्या आठवड्याचा गुरुवार मिळेल, आणि गुरुवारचं वर्ष तेच आठवड्याचं वर्ष.

एक गोष्ट मात्र कुठलंच फंक्शन करून देणार नाही. २०२४ चं लक्ष्मीपूजन ४४ व्या आठवड्यात होतं, २०२५ चं ४३ व्या. फराळ, पणत्या, कपडे विकणाऱ्यांनी नंबराला नंबर लावून तुलना केली तर दिवाळीसमोर दिवाळीनंतरचा शुकशुकाट येईल. सणाचा माल असेल तर सणापासून मागे मोजा: दिवाळीआधीचा पहिला आठवडा, दुसरा आठवडा, असं.

ताईंच्या रिपोर्टमध्ये वर्ष दुरुस्त केलं, विक्री जागेवर आली आणि माल त्या आकड्यावरून भरला. पण पुढचा प्रश्न आत्ताच दिसतोय. २०२६ मध्ये १ जानेवारीला गुरुवार असल्यामुळे या वर्षाला ५३ आठवडे आहेत. शेवटचा आठवडा २८ डिसेंबर २०२६ ते ३ जानेवारी २०२७, आणि २०२५ मध्ये ५३ वा आठवडाच नाही. तिथे तुलना करताना दोन्ही वर्षांची २९, ३०, ३१ डिसेंबरची रोजची विक्री शेजारी शेजारी ठेवायची, असं ताईंना सांगून ठेवलंय.